मृतसाठ्यावर जगणारी माणसं

उजनी धरण 'मायनस'मध्ये गेलं की त्याची हेडलाइन होते. त्याच मायनसमधल्या पाण्यात रोज जाळं टाकणाऱ्यांची मात्र होत नाही. पुण्यापासून शंभर किलोमीटरवरच्या या जगात मारलेली एक चक्कर.

भिगवण म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीनच गोष्टी येतात. एक, गुलाबी फ्लेमिंगो. दोन, त्यांना टिपायला आणलेली हातभर लांब लेन्स. आणि तीन, परतताना हायवेवर हाणलेली चमचमीत फिश थाळी! पहाटे पुण्यातून निघायचं, सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर जायचं, दोन तास होडीतून फिरायचं, जेवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन फोटो अपलोड करायचे. एकदम टिपिकल वीकेण्ड प्लॅन.

या प्लॅनमध्ये एक माणूस कायम असतो, पण फोटोत कधी नसतो. होडी चालवणारा. सकाळी सातला तो तुम्हाला 'या साहेब, या मॅडम' म्हणत होडीत बसवतो, तेव्हा त्याचा दिवस सुरू होऊन तीन-चार तास झालेले असतात. कारण पक्षी दाखवणं हा त्याचा जोडधंदा. मूळ धंदा मासेमारीचा. तुमच्या थाळीतला रस्सा ज्या माशाचा, तो मासाही बहुतेक वेळा त्याच्यासारख्याच कुणाच्या तरी जाळ्यातला. गेल्या हिवाळ्यात मी कॅमेरा घरी ठेवून या माणसांना भेटायला गेले.

शून्य म्हणजे रिकामं नव्हे

आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

उजनी धरण भीमा नदीवर, सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात. 1980 साली ते पूर्ण झालं आणि मागे इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पाणी पसरलं. या जलाशयाचं अधिकृत नाव यशवंतसागर, पण ते बोलण्यात कुणी वापरत नाही. सगळ्यांसाठी ती 'उजनी'च. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. आता गंमत बघा. या 117 पैकी 'उपयुक्त साठा' फक्त 53.57 टीएमसी आहे आणि 'मृतसाठा' 63.66 टीएमसी. म्हणजे मृतच जास्त!

बातम्यांमधली टक्केवारी या उपयुक्त साठ्याची असते. 'उजनी शून्य टक्के' असं छापून येतं तेव्हा धरणात तब्बल 63 टीएमसी पाणी उरलेलं असतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता आहे 29.15 टीएमसी. म्हणजे 'शून्यावरची' उजनी आपल्या चारही भरलेल्या धरणांच्या दुपटीपेक्षा मोठी!

या पाण्याच्या हिशेबात शेतीचा रकाना आहे. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, कारखान्यांचा आहे. विजेचाही आहे. धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचं छोटं वीजघर आहे. पाणी खाली सोडताना वीज करायची आणि वीज शिल्लक असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, अशी त्याची रचना. पाणी फार खाली गेलं की हे वीजघर थांबतं. कालव्याची आवर्तनं थांबतात. कागदावर धरण 'मृत' होतं.

मासे मात्र याच मृतसाठ्यात जगतात. आणि माशांवर जगणारी माणसंही.

पहाटे चारची शिफ्ट

कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव, कळाशी, आणि पलीकडे करमाळा तालुक्यातली कुगाव, वाशिंबे, केत्तूर. उजनीच्या काठाने अशी गावं आहेत आणि त्यातल्या अनेकांचं मूळ गावठाण पाण्याखाली आहे. इथे मासेमारी करणारे काही पिढीजात भोई आणि कोळी. भीमा साधी नदी होती तेव्हापासून ते मासे पकडतायत. काहींची जमीन धरणात गेली आणि मग हातात जाळं आलं.

मी ज्या काकांच्या होडीत बसले ते पहिल्या प्रकारातले. वय साठीच्या पुढे. जाळी आदल्या संध्याकाळीच टाकून ठेवलेली असतात. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला शिशाचं वजन. मध्ये नायलॉनची पडद्यासारखी उभी भिंत. अंधारात मासा पोहत येतो, जाळ्याच्या डोळ्यात डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. सिंपल! पण ही भिंत कुठे उभी करायची, हा खरा फंडा.

"इथं खाली हिर हाय जुनी," काकांनी काळ्या पाण्याकडे बोट दाखवलं. "तिच्यावर जाळं गेलं की फाटलंच म्हणायचं."

मला काहीच दिसत नव्हतं. काकांना पाण्याखालचं अख्खं गाव दिसत होतं. विहीर, बांध, बाभळींची खोडं, पडक्या भिंती. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी मंदिरही याच पाण्यात. धरण खूप आटतं तेव्हा ते वर येतं आणि आपण सगळे सेल्फी काढायला धावतो. काकांसाठी मंदिर वर येणं म्हणजे वाईट वर्ष.

एकेक जाळं वर येत होतं. चंदेरी, राखाडी, छोटे, मोठे. चिलापी सगळ्यात जास्त. मध्येच एक मोठा कटला आला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी शहरात फक्त अप्रेझलच्या दिवशी बघितलंय.

कटला आणतात, चिलापी येते

भिगवणच्या बाजारात सकाळी माशांचा लिलाव होतो. क्रेट येतात, ढीग लागतात, बोली सुरू होते. भाव रोज नवा. इथून बर्फात भरलेला माल पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारातही पोचतो. तिथल्या फळ्यावर 'नदीची मासळी' म्हणून रहू, कटला, मरळ, वाम, शिवडा, चिलापी ही नावं तुम्ही वाचली असतील.

यातल्या कटला, रहू आणि मृगळ या तिघांची गोष्ट इंटरेस्टिंग आहे. हे मूळचे वाहत्या नदीतले मासे. पावसाळ्यात पूर आला, पाणी पसरलं की अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. धरणाने नदी थांबवली, तिथेच त्यांचं गणित बिघडलं. मग हे मासे धरणात येतात कुठून? माणूस आणून सोडतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात कटकला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. आज देशभर 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो तो यामुळेच. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. तिथे जिऱ्याएवढी पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत वाढवतात. त्यांना म्हणतात बोटुकली. ती धरणात सोडायची आणि वाट बघायची. खाणं चांगलं मिळालं तर कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो.

चिलापीला असले लाड लागत नाहीत. आफ्रिकेतला हा तिलापिया मासा भारतात 1952 साली आणला गेला. लवकर वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो आणि मादी अंडी चक्क तोंडात सांभाळते. कमी ऑक्सिजन, घाण पाणी, काही असो, टिकून राहतो. त्यामुळे उजनीत आता त्याचंच राज्य आहे. भाव कमी, पण रोज हमखास मिळणारा. मासे निवडत बसलेल्या एका मावशींना मी विचारलं, "तुमच्या घरी कुठला मासा शिजतो?"

"चिलापीच की गं," त्या हसल्या. "कटला इकायला, चिलापी खायाला."

आपलं कनेक्शन

आता आपल्या भागाकडे येऊ. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत येते, मुळा-मुठा पुण्यातून वाहत दौंड तालुक्यात भीमेला मिळते. आणि भीमा जाते उजनीत. म्हणजे कोथरूडच्या बेसिनमधून, हिंजवडीच्या कॅन्टीनमधून आणि पिंपरीच्या कारखान्यातून जे वाहून जातं, त्याचा शेवटचा स्टॉप हाच. शुद्ध न केलेलं सांडपाणी नदीत गेलं की त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस उजनीत खतासारखं काम करतं. पाणी हिरवंगार होतं.

गंमत म्हणजे, यातलं थोडं माशांच्या पथ्यावरही पडतं. शेवाळ वाढतं, चिलापी शेवाळ खाते. फ्लेमिंगोही उथळ चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पण मर्यादा ओलांडली की हेच शेवाळ जिवावर उठतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, पण रात्री शोषून घेतं. त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. काकांना हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नाही. उन्हाळ्यात पहाटे मासा पाण्यावर तोंड काढून 'हापापायला' लागला की ते समजतात, आज जाळ्यात मेलेला माल येणार.

शहरातून अजून एक पाहुणा आलाय. फ्लॅटमधल्या फिश टँकची काच चाटूनपुसून साफ करणारा काळपट मासा आठवतोय? तो सकर. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टँकमध्ये मावेनासा झाला की लोक त्याला जवळच्या नदी-तळ्यात 'सोडून' देतात. आपल्याला वाटतं पुण्य केलं. अंगावर चिलखतासारखी कडक खवलं आणि काटेरी पर असलेला हा मासा जाळ्यात अडकला की जाळं फाडूनच निघतो. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. काकांच्या जाळ्यात त्या दिवशी तीन निघाले. ते सोडवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात अख्खं दुसरं जाळं ओढून झालं असतं.

वर वीज, खाली मासे

भीमेच्या खोऱ्याची अजून एक बाजू आहे आणि ती थेट विजेशी जोडलेली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा, वळवण, ठोकळवाडी, मुळशी ही टाटांची धरणं आहेत. पाणी पूर्वेकडे भीमेच्या दिशेने जाणारं, पण ते अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडलं जातं आणि त्यावर वीज तयार होते. खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं आणि भिऱ्याचं 1927 चं. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल यावर चालल्या. यातल्या मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो आपण शाळेत वाचलाय.

दुष्काळी वर्षात उजनीच्या काठावर म्हणूनच एक मागणी हटकून निघते: वीज झाल्यावर कोकणात उतरणारं ते पाणी खाली भीमेत सोडा. ही मागणी मांडताना ऊस आणि पिण्याचं पाणी यांची नावं घेतली जातात. माशाचं नाव क्वचितच. जो आपल्या हिश्श्याचं पाणी मोजून मागू शकत नाही, त्याला चर्चेत खुर्ची मिळत नाही. मासेमारांना पाणी उपसायचंच नसतं. त्यांना ते फक्त तिथे *असायला* हवं असतं.

2024 चा उन्हाळा

पाणी नसलं की काय होतं, ते 2024 ने दाखवलं. 2023 चा पावसाळा कोरडा गेला, उजनी भरलीच नाही. जानेवारी 2024 मध्येच धरण मायनसमध्ये गेलं आणि जूनच्या सुरुवातीला जवळजवळ उणे 60 टक्क्यांपर्यंत उतरलं. म्हणजे मृतसाठ्यातलंही साधारण 32 टीएमसी संपलं. उरलेल्यात गाळ किती आणि पाणी किती, हा वेगळाच वाद.

"पाणी हटलं की पयले पंधरा दिस लई मासा घावतो," काका सांगत होते. "लोकास्नी वाटतं, मज्जा हाय ह्येंची. पर ते कसं हाय ताई, पेरायला ठिवलेलं बी शिजवून खाल्ल्यागत."

अगदी बरोबर. पाणी आक्रसलं की मासे दाटीवाटीने एका जागी येतात. जाळी भरतात, बाजारात माल जास्त होतो, भाव पडतो. मग पाणी तापतं, ऑक्सिजन घटतो आणि मासा संपतो. पुढच्या वर्षी ज्यांनी वाढायचं ते आधीच विकले गेलेले असतात. काठ दूर सरकतो तशी होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी गाळपेर करतात, म्हणजे पाणी हटलेल्या जमिनीत पीक घेतात. त्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल पाण्याच्या मागे मागे येतात. एकाच पाण्यावर दोघांचीही नजर.

त्याच वर्षी 21 मे रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो म्हणून इथले लोक होडीने पलीकडे जातात, लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात. पाण्याने गावं तोडली आणि पाणीच त्यांचा रस्ता झालं. काकांनी हा विषय निघताच वल्हं थांबवलं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये चांगला पाऊस झाला आणि धरणाने शंभर टक्क्यांचा आकडा ओलांडला. पेपरांत आनंदाच्या बातम्या आल्या. पण मासा नळाच्या पाण्यासारखा एका आठवड्यात परत येत नाही.

बोटुकलीची लढाई

आणि इथेच खरी मेख आहे. धरण भरल्यावर बीज सोडलं, त्याला वर्षभर वाढू दिलं, तर कटला परत येतो. पण बारीक आसाचं जाळं, म्हणजे ज्याचे डोळे अगदी छोटे असतात असं जाळं, बोटाएवढं पिल्लूही सोडत नाही. इथे 'वडाप' म्हणतात ते मोठं जाळं तर घेरून सगळंच ओढतं. किलोभर वजनाचा होऊ शकणारा मासा मूठभर वजनाचा असताना सुकटीच्या भावात जातो. त्याविरुद्ध इथल्या मासेमारांनी अनेकदा आवाज उठवलाय. महाराष्ट्रातल्या जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिले जातात, नियम आहेत, पण एवढ्या पसरलेल्या पाण्यावर रात्री कोण लक्ष ठेवणार?

"तुम्ही नाही वापरत बारीक जाळं?" मी विचारलं.

काकांनी सरळ उत्तर दिलं. "आमच्यातली बी काय जण टाकत्यात. मी न्हाय पकडला तर उद्या दुसरा पकडनार, असं वाटतं मानसाला. सगळ्यांनी मिळून थांबायचं ठरलं तरच कायतर व्हईल."

ऐकायला साधं वाक्य आहे. पण ज्याच्या घरी आजचा बाजार आजच्या माशावर होतो, त्याने वर्षभर थांबायचं म्हणजे काय, हे महिन्याच्या एक तारखेला एसएमएसची वाट बघणाऱ्या आपल्याला पटकन कळणार नाही. काकांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर. नातू सुट्टीत आला की होडीत बसतो. "शिकवू का न्हाय, तेच कळंना," काका म्हणाले.

फ्लेमिंगो सीझनने थोडा हात दिलाय, हे खरं. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत शनिवार-रविवारी होड्या बुक असतात. पण हा सीझनही पाण्यावरच अवलंबून. पाणी खूप असलं तर चिखलाचे उथळ काठ बुडतात आणि फ्लेमिंगो दुसरीकडे जातात. भरलेलं धरण माशासाठी चांगलं, उतरलेलं फ्लेमिंगोसाठी. काका दोन्हींकडे एक एक डोळा ठेवून असतात.

जाणार असाल तर...

पुढच्या वीकेण्डला भिगवणला जाताय? जरूर जा. फक्त एवढं करा:

• होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा आणि ते खरंच घाला. वारा सुटला आणि होडीवाले दादा नको म्हणाले, तर आग्रह करू नका.

• जाळ्यांच्या तरंगत्या खुणा दिसतील. त्यांच्यावरून होडी न्यायला लावू नका. एक जाळं फाटलं तर त्यांची आठवड्याची कमाई जाते.

• ढाब्यावर 'छोटे क्रिस्पी फ्राय' मागवताना तो मासा मुळातच छोटा असतो की मोठ्याचं पिल्लू आहे, हे विचारा. चिलापी बिनधास्त खा. चवीला मस्त लागते आणि उजनीत तिला तोटा नाही.

• घरचा फिश टँक बंद करायचा असेल तर मासे ज्या दुकानातून आणले तिथे परत द्या. नदीत सोडू नका, कुठल्याही नदीत.

• आणि उन्हाळ्यात 'उजनी मायनस'ची हेडलाइन वाचलीत, तर एकदा आठवा की त्या मायनसमध्ये पहाटे चारला कुणीतरी जाळं ओढत असतं.